आधी शेगाव, मग पंढरपूर

वाचकांचे पत्र : "आमचे गाव मंगरूळपीर तालुक्यात आहे. सहा एकर कोरडवाहू शेतीत आम्ही सोयाबीन आणि तूर घेतो. माझे सासरे माळकरी होते आणि आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरला पायी जात असत. दोन वर्षांपूर्वी ते वारले. आता सासूबाईंनी २०२६ च्या आषाढीला पायी जायचे मनावर घेतले आहे. त्यांचे वय ६२ आहे, साखरेच्या गोळ्या सुरू आहेत आणि उजवा गुडघा अधूनमधून सुजतो. यजमानांना पेरणीमुळे निघता येणार नाही, म्हणून मी सोबत जावे असे घरात ठरत आले आहे. माझे वय ३५, मुलगी सहावीत आणि मुलगा दुसरीत आहे. सासूबाई शेतात माझ्याइतक्याच चालतात, पण औषध आणि जेवण याबाबतीत त्या कोणाचेच ऐकत नाहीत, माझे तर नाहीच. दिंडी कोणती निवडावी, तयारी कशी करावी आणि वाटेत त्यांना त्रास झाला तर मी काय करावे, हे कृपया सांगावे."

ताई,

तुमच्या पत्रात सासूबाईंचे वय आहे, साखर आहे, गुडघा आहे, पेरणी आणि मुलांची शाळा आहे. सासूबाईंना ही वारी कशासाठी करायची आहे आणि तुम्हाला स्वतःला चालावेसे वाटते का, या दोन गोष्टी मात्र मला त्यात सापडल्या नाहीत. सगळे नियोजन या दोन उत्तरांवर अवलंबून असल्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

सासूबाईंशी एकदा निवांत बोला. यजमानांसमोर किंवा पाहुण्यांसमोर नको. शेतात निंदताना किंवा संध्याकाळी चुलीपाशी दोघीच असाल तेव्हा बोला. सासऱ्यांची वारी खंडित होऊ नये, एवढीच त्यांची तळमळ असेल तर एकादशीला घरातले कोणीतरी पंढरपुरात असणे महत्त्वाचे ठरते, आणि ते एसटीने जाऊनही साधते. अनेक माळकरी घरांत भाऊभाऊ किंवा बापलेक आळीपाळीने हा नेम सांभाळतात. एखादा नवस बोलला गेला असेल तर गावातल्या जाणत्या कीर्तनकाराला किंवा फडकऱ्याला (वारकऱ्यांच्या फडाच्या प्रमुखाला) मध्ये घ्या, कारण वारकरी परंपरेत देहाला क्लेश देऊन देव मिळवण्याला स्थान नाही, आणि ही गोष्ट तुमच्यापेक्षा त्यांच्या तोंडून सासूबाईंना अधिक पटेल. माझा अंदाज मात्र वेगळा आहे. नवरा वारीला जात असताना ज्या बाईने इतकी वर्षे गुरे, पेरणी आणि घर सांभाळले, शिदोरीच्या भाकरी बांधून दिल्या आणि वेशीपर्यंत जाऊन ती परत फिरली, तिला आता ती वाट स्वतःच्या पायांनी पाहायची असते. तसे असेल तर त्यांना घरी बसवणे किंवा थेट गाडीने नेणे हे उत्तर होऊ शकत नाही. त्यांना चालायला मिळालेच पाहिजे, आणि किती चालायचे हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्यांचाच आहे.

तुमच्याबद्दलही तेच. "मी सोबत जावे असे घरात ठरत आले आहे" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. ते कोणी ठरवले, आणि तुम्हाला विचारून ठरवले का? मनाविरुद्ध आलेली सोबतीण चौथ्या-पाचव्या मुक्कामाला चिडते, आणि तिची चिडचिड म्हाताऱ्या माणसाला पायाच्या फोडापेक्षा जास्त बोचते. तुमचे मन नसेल तर तसे आताच सांगा; गावातली त्यांच्या बरोबरीची, दरवर्षी चालणारी एखादी बाई चांगली सोबत करू शकते, आणि तुम्ही शेवटच्या टप्प्याला जाऊन मिळू शकता. तुमचे मन असेल तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे.

आता माझे स्पष्ट मत सांगते. २०२६ च्या आषाढीला मंगरूळपीरहून पंढरपूरपर्यंत सगळे अंतर चालण्याचा बेत करू नका. आधी माघ महिन्यात शेगावला पायी जा, आणि तो प्रवास नीट पार पडला तर आषाढीला परळी वैजनाथपासून दिंडीत सामील होऊन पंढरपूर गाठा. हे मी त्यांना कमी लेखून सांगत नाही. पंचांग, शेत आणि शरीर या तिन्हींचा मेळ या आखणीत बसतो, म्हणून सांगते.

पंचांगापासून पाहू. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. १७ मे ते १५ जून हा अधिक मास असल्याने आषाढी एकादशी २५ जुलैला येते. आदल्या वर्षी ती ६ जुलैला होती. तुमच्या भागातून वाशीम, हिंगोली, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई अशा मार्गाने पंढरपूर साधारण साडेचारशे ते पाचशे किलोमीटर पडते. रोज वीस-बावीस किलोमीटर चालणाऱ्या दिंडीला त्यासाठी तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो, म्हणजे प्रस्थान जूनच्या अखेरीस होईल. हा काळ आपल्याकडे नेमका कसा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. पाऊस वेळेवर आला तर पेरणी नुकतीच आटोपलेली असते, लांबला तर ऐन भरात असते, आणि उगवण बिघडली तर दुबार पेरणीची टांगती तलवार असते. विदर्भातल्या शाळाही जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे मुलांची नवी वह्या-पुस्तके आणि तुमचे प्रस्थान एकाच आठवड्यात येईल. याउलट परळीहून पंढरपूर साधारण सव्वादोनशे किलोमीटर आहे. अकरा-बारा दिवसांची ती वाट १२ जुलैच्या सुमारास सुरू करता येते. तोपर्यंत पेरणी झालेली असते, सोयाबीनची पहिली डवरणी आणि निंदण बहुधा उरकलेले असते, आणि मुले शाळेच्या वेळापत्रकाला सरावलेली असतात. परळीपर्यंत एसटीने परभणीमार्गे जाता येते. वैजनाथाचे दर्शन घेऊन, एक रात्र मुक्काम करून, ताज्या पायांनी चालायला लागावे.

सासऱ्यांची दिंडी कोणत्या मार्गाने जाते, हे आधी पाहा. अंबाजोगाईच्या पुढे काही दिंड्या कळंब-बार्शीकडून जातात, तर काही धाराशिव, तुळजापूर, सोलापूर असा लांबचा मार्ग घेतात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापूर आणि मंगळवेढ्यावरून पंढरपुरात येते. लांबचा मार्ग असेल तर परळीऐवजी पुढच्या गावी सामील व्हा, म्हणजे चालण्याचे दिवस तेवढेच राहतील. शेगाव संस्थानच्या पालखीबद्दल अनेक वाचक विचारतात, म्हणून इथेच सांगून टाकते : त्या पालखीत संस्थानने नोंदणी केलेले वारकरी चालतात आणि तिची शिस्त फार कडक असते, त्यामुळे ऐनवेळी तिच्यात मिसळता येईल असे समजून घराबाहेर पडू नका. अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरहून, म्हणजे रुक्मिणीच्या माहेराहून निघणारी पालखीही फार जुनी आहे आणि विदर्भातल्या बायकांना तिची ओढ वाटणे साहजिक आहे, परंतु तुमच्यासाठी सासऱ्यांच्या ओळखीची दिंडीच बरी. जिथे सासूबाईंना "अमक्याची मालकीण" म्हणून चार माणसे ओळखतात, तिथे त्यांची काळजी न सांगता घेतली जाते.

शेगावची वाट आधी का चालायची, तेही सांगते. गजानन महाराजांचा प्रकटदिन माघ वद्य सप्तमीला असतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला येतो. त्या वेळी तूर निघालेली असते, हरभरा सोंगायला अवकाश असतो, ऊन सोसण्यासारखे असते आणि पावसाची धास्ती फारशी नसते. बार्शीटाकळी आणि अकोल्यावरून हे अंतर शे-सव्वाशे किलोमीटर भरते, म्हणजे सहा-सात दिवसांची वाट. त्या आठवड्यात पश्चिम विदर्भातल्या रस्त्यांवर शेगावकडे निघालेली पायी मंडळी सतत दिसतात, ठिकठिकाणी चहा-फराळाची सोय असते, आणि काही बिघडलेच तर घरून गाडी दोन तासांत पोहोचू शकते. पंढरीच्या वाटेवर ही शेवटची सोय नसते. प्रकटदिनाच्या दिवशी शेगावात गर्दी फार होते, भक्तनिवास भरलेले असतात आणि दर्शनाची रांग लांबते. म्हणून एक दिवस आधी पोहोचून दर्शन घ्या आणि सप्तमीला सकाळीच परतीच्या बसमध्ये बसा.

या प्रवासात एकच गोष्ट बारकाईने पाहायची आहे. सासूबाई एका दिवसात किती चालल्या, हे मोजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अंथरुणावरून कशा उठल्या, ते पाहा. शेतात दिवसभर राबणारी बाई एका दिवसात पंचवीस किलोमीटर सहज चालून जाते आणि घरच्यांना वाटते की झाले, तयारी आहे. परंतु धुऱ्यावरून, मऊ मातीतून, थांबत-वाकत चालणे निराळे आणि डांबरी रस्त्यावर एकाच चालीने सलग सहा तास चालणे निराळे. शेतातल्या चालीत शरीर सारखी ठेवण बदलते, रस्त्यावर तोच गुडघा तोच धक्का हजारो वेळा झेलतो. तिसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला नसेल, पायऱ्या उतरताना त्यांना कठडा धरावा लागत नसेल आणि त्या स्वतःहून चूळ भरून हरिपाठाची वही शोधत असतील, तर परळीचा बेत पक्का करायला हरकत नाही. गुडघ्याला सूज दिसली तर डॉक्टरांना दाखवून आषाढीचा टप्पा आणखी आखूड करा. बार्शीपासून चाललात तरी पंढरी पायी गाठल्याचे समाधान त्यांना मिळेल.

त्यासाठी आजपासून चालायला लागा. पहिल्या पंधरवड्यात रोज पहाटे चार-पाच किलोमीटर, तेही पक्क्या रस्त्यावर. नंतर आठवड्यातून दोनदा दहा, आणि पौष सरता सरता लागोपाठ दोन दिवस पंधरा-पंधरा. तुमच्याकडून कारंज्याचे गुरुमंदिर दोन दिवसांत पायी गाठण्यासारखे आहे. सराव आणि दर्शन दोन्ही होईल, आणि एक रात्र घराबाहेर काढल्यावर काय विसरले तेही कळेल. समृद्धी महामार्गावर पायी चालायला मनाई आहे, त्या बाजूला सरावासाठी चुकूनही जाऊ नका. गुडघ्यासाठी खुर्चीवर बसून पाय सरळ करणे, मांडी ताठ ठेवून दहापर्यंत मोजणे आणि सावकाश खाली आणणे, असे दोन्ही पायांनी सकाळ-संध्याकाळ दहा-बारा वेळा केले तर मांडीचे स्नायू बळकट होतात आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. दुखणे वाढले तर थांबून डॉक्टरांना विचारा. हातात काठी द्या. ती म्हातारपणाची खूण वाटत असेल तर पताका बांधून द्या.

साखरेबद्दल मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण या आजाराची वाटेवरची तऱ्हा घरच्यापेक्षा उलटी असते. घरी आपण साखर वाढेल म्हणून भितो. चालताना ती एकाएकी उतरण्याचा धोका असतो. काही गोळ्या साखर जोराने खाली आणतात, त्यात पाच-सहा तास चालणे झाले आणि जेवण लांबले तर माणसाला दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात, बोलणे असंबद्ध होते, उगाच राग येतो. तुमच्या सासूबाई वाटेत अचानक ऐकेनाशा झाल्या, भांडायला लागल्या, तर तो स्वभाव आहे असे धरून चालू नका. आधी त्यांना बसवा आणि तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पाव तासात बरे वाटले नाही तर तेवढीच पुन्हा द्या, आणि बरे वाटताच काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका आणि १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा मोफत आहे. निघण्याच्या महिनाभर आधी ग्रामीण रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे दोघी जा, गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी करून घ्या, रक्तदाब आणि डोळे दाखवा, आणि चालण्याच्या दिवसांत गोळीची वेळ व प्रमाण काय ठेवावे हे कागदावर लिहून घ्या. हा बदल केवळ डॉक्टरांनी करायचा आहे. एकादशीच्या उपवासाबद्दलही त्यांनाच विचारा आणि उत्तर सासूबाईंसमोर घ्या. डॉक्टर "उपवास नको" म्हणाले तर तो आग्रह सुनेचा राहत नाही.

वाटेवरच्या अन्नदानाचा एक वेगळाच पेच आहे. दर कोसाला कोणीतरी गोड चहा, बुंदी, शिरा, केळी घेऊन हात जोडून उभे असते, आणि माळकरी बाईला प्रसादाला नाही म्हणणे जड जाते. सकाळपासून आठ-दहा गोड चहा झाले की संध्याकाळी साखर कुठे जाईल, याचा अंदाज करा. प्रसाद घ्यावा, कपाळाला लावावा, कणभर खावा आणि बाकीचा शेजारच्या लेकराला द्यावा. यात अनादर होत नाही. पिशवीत फुटाणे, शेंगदाणे आणि ज्वारीच्या लाह्या ठेवा, दर दोन तासांनी मूठभर द्या.

पायांची तपासणी हा रोजचा नेम करा. साखरेमुळे तळव्याची जाणीव बोथट होते, खडा टोचलेला कळत नाही आणि जखम दोन दिवसांत चिघळते. सासरे अनवाणी चालत असतील तर सासूबाईंनाही तसेच वाटेल, पण त्यांच्याबाबतीत या एका गोष्टीला मी कधीच होकार देणार नाही. बूट महिनाभर आधी घ्या, संध्याकाळी पाय फुगलेले असताना मापून घ्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा राहू द्या आणि सरावात वापरून मळू द्या. सुती मोज्यांचे तीन जोड लागतील, कारण जुलैच्या पावसात भिजलेल्या मोज्याने फोड येतात. फोड आला तर फोडू नका. स्वच्छ धुऊन पट्टी लावा. रात्री मुक्कामाला त्यांचे तळवे तुम्ही स्वतः उजेडात पाहा, बोटांच्या बेचक्यांत पाहा. सुनेकडून पाय बघून घेताना त्यांना संकोच वाटेल, म्हणून खोबरेल तेलाची बाटली हाती घ्या आणि पाय चेपून देते म्हणा. मांड्या घासून सोलवटतात, हे बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. सकाळी निघताना तिथेही तेल लावा आणि लुगड्याच्या किंवा साडीच्या आत गुडघ्यापर्यंतची सुती विजार घाला.

पाणी आणि शौचाची अडचण ही बायकांच्या वारीतली खरी मोठी अडचण आहे. आडोसा मिळणार नाही म्हणून कित्येक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत, त्यातून लघवीची जळजळ, ताप, चक्कर असे सगळे मागे लागते, आणि साखर असलेल्या बाईला हा संसर्ग फार लवकर होतो. आळंदी आणि देहूच्या पालख्यांच्या मार्गावर गेल्या काही वर्षांत फिरती शौचालये उभी राहतात. तुमच्या मार्गावर ती असतील असे गृहीत धरू नका. म्हणूनच दिंडी ठरवताना चालकांना भिशी (दिंडीत भरायची जेवणखर्चाची वर्गणी) किती, हे विचारण्याआधी बायकांच्या आंघोळीची आणि शौचाची काय सोय असते, हे विचारा. मुक्काम शाळेत, मंगल कार्यालयात किंवा देवळाच्या ओवरीत असतो की उघड्यावर राहुटीत, पाण्याचा टँकर स्वतःचा आहे का, सामानाच्या गाडीत चालता न येणाऱ्यांना बसू देतात का, मागे दिवा आणि झेंडा घेऊन कोणी चालते का, हेही विचारा. पहाटेच्या अंधारात भरधाव वाहन दिंडीत घुसल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. ज्या दिंडीचे लोक चमकणाऱ्या पट्ट्या लावून आणि एका बाजूने ओळीत चालतात, तीच निवडा. राज्य शासनाने २०२३ मध्ये वारकऱ्यांसाठी विमा छत्र योजना जाहीर केली होती. यंदा तिचा लाभ कसा मिळतो आणि त्यासाठी नोंद कुठे असावी लागते, हे चालकांकडून समजून घ्या.

तुम्ही विचारले नाहीत, पण मनात नक्की आले असेल, म्हणून मासिक पाळीबद्दल लिहिते. अकरा-बारा दिवसांत पाळी येऊ शकते आणि दिंडीतल्या वयस्क बायका तुळशीपासून, पंगतीपासून दूर बसायला सांगू शकतात. देहासोबतच जन्मणाऱ्या विटाळाला संत सोयराबाईंनी काही शतकांपूर्वी उघड प्रश्न विचारला होता, आणि त्यांचे पती चोखोबा यांचे जन्मस्थान मानले जाणारे मेहुणा राजा हे गाव आपल्याच विदर्भातल्या बुलडाणा जिल्ह्यात आहे. पाळी आली म्हणून वारी मोडत नाही, हे तुम्ही मनाशी पक्के ठेवा. मात्र चालत्या दिंडीत वाद घालत बसण्यापेक्षा सासूबाईंचे मत घरीच समजून घ्या. त्या तुमच्या बाजूने उभ्या राहिल्या तर बाकीच्या बोलणार नाहीत. पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

आता तुमच्या खऱ्या भीतीकडे येते : त्या ऐकणार नाहीत. सुनेने वाटेत सांगितलेले सासू सहसा ऐकत नाही, विशेषतः चार बायकांसमोर. म्हणून वाटेत सांगण्याची वेळच येऊ देऊ नका. निघण्यापूर्वी यजमानांना बसवून तिघांत बोलणी करा, आणि कोणत्या खुणा दिसल्या की त्या दिवशी गाडीत बसायचे, हे सासूबाईंच्याच तोंडून वदवून घ्या : गुडघा सुजला, ताप आला, जखम दिसली, चक्कर आली. एक दिवस गाडीत बसल्याने वारी मोडत नाही, ही गोष्ट दिंडीच्या विणेकऱ्यांकडून किंवा चालकांकडून त्यांच्या कानावर घाला. दुसरे असे की दिवसभर त्यांच्या मागे पहारेकऱ्यासारखे चालू नका. सकाळचा एखादा टप्पा त्यांना त्यांच्या वयाच्या बायकांमध्ये, टाळांच्या मागे, मोकळे चालू द्या. तुम्हीही तुमच्या बरोबरीच्या बायकांसोबत चाला. विसाव्याला भेटा, गोळी द्या, पाणी द्या. चाल मात्र त्यांची धरा. तुम्ही दहा पावले पुढे चालून वळून पाहत राहिलात तर त्या तुम्हाला गाठण्यासाठी धाप लागेपर्यंत ओढत येतील आणि तक्रार करणार नाहीत. घरी रोज एकच फोन करा, आणि त्यात आधी त्यांना बोलू द्या. लेकाला त्यांनी स्वतः सांगावे की आज कुठे मुक्काम आहे, हे तुमच्या तोंडून गेलेल्या तक्रारीपेक्षा कितीतरी चांगले.

सामान थोडे ठेवा. गोळ्यांचे दोन संच करा, एक त्यांच्या चंचीत आणि एक तुमच्या पिशवीत, म्हणजे एक भिजला तरी अडत नाही. नाव, गाव, आजार, गोळ्या आणि दोन फोन क्रमांक लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून त्यांच्या कमरेला राहू द्या. ओआरएसची पाकिटे घ्या. एक पाकीट एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपताना मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा, रात्री उठताना टॉर्चशिवाय पाय टाकू नका, आणि सापाने दंश केला तर मांत्रिकाकडे एक मिनिटही न घालवता सरकारी दवाखाना गाठा.

पंढरपुरात पोहोचल्यावर अनेक घरे एक गोष्ट चुकवतात. बारा दिवस चालून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला एकादशीच्या पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत उभे करतात, आणि ती रांग कित्येक तासांची असते. चंद्रभागेचे स्नान, कळसाचे दर्शन आणि नामदेव पायरीला माथा, एवढ्यावर एकादशी साजरी करणारे वारकरी पिढ्यानपिढ्या आहेत, आणि त्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. पायांवर डोके ठेवण्याची सासूबाईंची इच्छा असेल तर एकादशीची गर्दी ओसरू द्या. २९ जुलैला पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, त्यानंतर रांग आखूड होते. दोन-तीन दिवस अधिक राहायची तयारी ठेवलीत तर दर्शन निवांत मिळेल. नदीला पाणी वाढलेले असेल तर स्नान काठावरच करा. गर्दीत चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, हे पोहोचल्याबरोबर ठरवा, आणि ती जागा सासूबाईंना एकदा चालत जाऊन दाखवा.

परतीसाठी एसटीत महिलांना निम्मे भाडे लागते, त्यामुळे दोघींचा खर्च फार होणार नाही. आषाढीच्या काळात नवी अमरावती आणि खामगावहून पंढरपूरसाठी विशेष रेल्वेगाड्या सोडल्या जातात. त्यांचे वेळापत्रक जाहीर होताच यजमानांना आरक्षण करायला सांगा, कारण बसून रात्र काढण्यापेक्षा त्या गुडघ्याला आडवे होणे अधिक गरजेचे असेल. घरी आल्यावर आठवडाभर पाय रोज पाहत राहा, साखर पुन्हा तपासून घ्या, आणि त्या लगेच निंदायला निघाल्या तर यजमानांना सांगून चार दिवस मजूर लावा.